आईचा अंगठा आणि सरकारचा हप्ता

शेतकऱ्यांना सरकारकडून वर्षातून तीनदा दोन-दोन हजारांचा हप्ता मिळतो, तो माझ्या आईलाही मिळतो. शेत आईचं, खातं आईचं, पण बँकेत मोबाइल नंबर माझा दिलेला आहे. त्यामुळे परभणीकडच्या आमच्या गावात पैसे जमा झाले की मोबाइल वाजतो तो मीरा रोडला, शांती नगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात. कणकेच्या हातानं मी मेसेज उघडते आणि आईला फोन लावते.

"आई, आली गं तुझी चोळी-बांगडी!"

हे नाव तिनंच ठेवलेलं. तिला भाऊ नाही. गल्लीतल्या बायकांना दिवाळीत भाऊ साडीचोळी घेऊन यायचे, तेव्हा आई काहीतरी काम काढून दिवसभर रानात जाऊन बसायची. दादा, म्हणजे माझे वडील गेल्यावर शेत तिच्या नावावर झालं आणि मग हा हप्ता सुरू झाला. पहिले पैसे हातात आले तेव्हा ती म्हणाली, "बिनभावाची हाय म्हून सरकारनं ध्यान ठिवलं बाई." मी हसले, पण ते तिच्या मनात पक्कं बसलं. सरकार चांगलं की वाईट यावर गावात रोज भांडणं होतात. आई त्यात पडत नाही. माहेराबद्दल वाईट बोलायचं नाही, असं तिचं आहे.

हप्ता खर्च करायची तिची रीतही ठरलेली. त्यातली पहिली वस्तू शेतासाठीच घ्यायची. मग ती कितीही छोटी असो, खुरप्याची मूठ असो, दोरी असो, नाहीतर मूठभर धने. त्यानंतर स्वतःसाठी हातभर बांगड्या. उरलेलं घराला. एकदा पैसे आले तेव्हा मी गावातच होते आणि घरात गॅस संपलेला. मी म्हटलं, आधी सिलिंडर आणू. तिनं चुलीवर स्वयंपाक केला, पण आधी तालुक्याला जाऊन कोथिंबिरीचं बी आणलं. माझं डोकं फिरलं होतं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इकडे आणलं. आधी एक डोळा, मग दुसरा. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. मला हेच हवं होतं. पंधरा वर्षं मी तिच्या मागे लागले होते की आता पुरे, माझ्याकडे ये. माझा नवराही तेच म्हणत होता. आता ती आयतीच आली होती आणि मी तिला सोडणार नव्हते.

तीही रमली. सोसायटीच्या बागेत एक गुजराती आजी, सगळ्यांची बा, रोज संध्याकाळी तिची जागा धरून ठेवायची. एक गुजरातीत बोलायची, एक आमच्या परभणीकडच्या मराठीत, आणि दोघी सुनांबद्दल बोलतायत हे मला खिडकीतून कळायचं. आईला तर सूनही नाही. पौर्णिमेला बुद्धविहारात जायचं, तिथं मराठवाड्यातल्याच बायका भेटायच्या. भांड्यांना बाई होती, कपड्यांना मशीन. मी ऑफिसातून आले की एक क्रीम घेऊन तिच्या पायाशी बसायचे. तिच्या हातांना इतक्या भेगा होत्या की साडीला धागे अडकायचे. मी रोज ते हात चोळायचे, आणि ती म्हणायची, "काय लेकराचे लाड चाललेत!" दोनेक महिन्यांत भेगा भरून आल्या. मला स्वतःच्याच कामाचं फार कौतुक वाटलं.

गावी शेत माझा चुलतभाऊ बघत होता. मेहनती आहे, आईला मानतो. त्याचा फोन यायचा, "काकू, मला बटईनं द्या रान. पेरायचं मी बघतो, अर्धं पीक तुमचं. तुम्ही ताईकडं आरामात ऱ्हावा. फक्त पेरणीच्या आत सांगा." आई म्हणायची, "बघू." पण ते बघू दिवसेंदिवस मऊ होत चाललं होतं. एकदा तर ती त्याला म्हणाली, "व्हय, तसंच करावं लागंल आता." मी त्या दिवशी श्रीखंड आणलं. कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

होळीच्या आसपास चुलतभावाचा फोन आला. गावात सगळ्यांचा हप्ता जमा झाला, काकूंचा झाला का? झाला नव्हता. चौकशी केली तर कळलं, नव्यानं केवायसी करायची राहिली आहे. आधार कार्डाला दादांचा जुना नंबर होता, तो कधीच बंद पडलेला, म्हणजे ओटीपीचा रस्ता बंद. आता अंगठाच द्यावा लागणार होता.

हे ऐकल्यावर आईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि मलाही हसू आलं. आईचा अंगठा ही आमच्या गावातली प्रसिद्ध गोष्ट आहे. त्याचा ठसा उठत नाही. आयुष्यभर खुरपून, कापूस वेचून, जोंधळा काढून बोटांवरच्या रेघा पार झिजून गेलेल्या. ती चांगली सही करते, पण मशीनला सही कळत नाही. रेशनच्या दुकानात ती आली की मागची रांग बसून घ्यायची. दुकानदार म्हणायचा, "काकू, तुमच्या हाताला रेघाच न्हाईत, धान्य कुठल्या रेघेवर लिहू?" मग लिंबू चोळून बघायचं, खोबरेल लावून बघायचं, डोक्याच्या केसांवर अंगठा पुसून बघायचं. दहा बोटांतलं एखादं कसंबसं उठायचं, आणि उठलं की अख्खी रांग टाळ्या वाजवायची. आईला याची लाज नव्हती. उलट ती लोकांना हात पालथे-उताणे करून दाखवायची.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या रस्त्यावर एक दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लाइट बिल, सरकारी केवायसी, सगळं तिथं होतं. चालवते एक उत्तर प्रदेशातली बाई, सगळे तिला मॅडम म्हणतात. शनिवारी आम्ही गेलो. आईनं पिशवीत अर्धं लिंबू, खोबरेल तेलाची डबी आणि एक जुनं फडकं घेतलं होतं. दुकानात शिरल्या शिरल्या तिनं मॅडमला बजावलं, "मॅडम, मह्या अंगठ्याचा ठसा उठत न्हाई. येळ लागंल. मागच्यांस्नी बसाय सांगा."

मॅडमला काही कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "टेन्शन नहीं, आंटीजी. आप रखिए तो सही."

आईनं अंगठा ठेवला. मशीन पीं करून वाजलं. मॅडम म्हणाली, "हो गया."

"काय झालं?" आईनं मला विचारलं.

"झालं, आई. उठला ठसा."

"आसं कसं उठलं? आजून लिंबू न्हाई चोळलं." ती मॅडमकडे वळली. "पुन्यांदा घ्या. चुकलं आसंल."

मॅडम चांगल्या स्वभावाची. तिनं गंमत म्हणून मशीन परत पुढे केलं. पुन्हा उठला. आईनं डावा अंगठा ठेवला, तोही उठला. मग तिनं एकेक बोट ठेवून बघितलं आणि सगळी उठली. "कितना साफ हाथ है आंटीजी का," मॅडम म्हणाली. मागे उभी असलेली माणसं कुरकुरायला लागली, तेव्हा मी आईला दंडाला धरून बाहेर आणलं.

मी खुशीत होते. रसवंतीवर उसाचा रस घेतला. आई ग्लास बाजूला ठेवून अंगठा बोटांवर घासून बघत होती. घरी आल्यावर ती खिडकीपाशी उजेडात जाऊन उभी राहिली आणि अंगठा डोळ्यांसमोर धरून बघत राहिली. नव्या डोळ्यांनी तिला आता सगळं लख्ख दिसत होतं.

"बग," ती म्हणाली, "कशा रेघा उमटल्यात. तुह्यासारके हात झाले महे."

"छान झालं की. एवढं क्रीम काय फुकट चोळलं?"

"छानच हाय गं. पर हे आसले हात घिऊन शेताचे पैसे कोणत्या तोंडानं घिऊ?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. मग मी तिला समजावलं. कायद्यानं शेत तुझ्या नावावर आहे, हात मऊ आहेत की खरबरीत हे सरकार विचारत नाही, बटईनं दिलं तरी शेत तुझंच. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "कायदा तसंच म्हणत आसंल." आणि लसूण सोलायला बसली. मला तिचा असा शांतपणा अजिबात सहन होत नाही. भांडली तर मला जिंकता येतं.

पुढे महिनाभरात अडकलेला हप्ता आला. मी नेहमीसारखी ओरडले, "आई, चोळी-बांगडी!" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे खात्यात." तिनं असं आजवर कधीच केलं नव्हतं. मी म्हटलं, अगं बांगड्या तरी घेऊ. नको म्हणाली. "आधी रानाचं घ्यायचं आस्तंय. रानच न्हाई हितं." दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागून तिच्या कार्डानं स्वतःच पैसे काढून आणले, तिच्या हातात दिले आणि म्हटलं, चल, तुला खुरपं घेऊन देते, मग तर झालं?

शांती नगरात काय मिळत नाही? सोनं मिळतं, पिझ्झा मिळतो, कुत्र्याचे स्वेटर मिळतात. खुरपं मात्र मिळालं नाही. हार्डवेअरच्या दुकानात शेटजींनी गुलाबी मुठीचं एक चिमुकलं फावडं दाखवलं, गॅलरीतल्या कुंड्यांसाठी. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि अदबीनं परत ठेवलं. "लेकरांचं दिसतंय," ती म्हणाली. शेटजींनाही हसू आलं. त्यांनी सांगितलं, "भायंदर वेस्ट में देखो, वहाँ गाँववाले लोग हैं."

रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात गेलो. तिथं एक म्हातारी लाल माठाच्या जुड्या घेऊन बसली होती. जुड्यांच्या मुळांना ओली माती होती. आई थेट तिच्यासमोर उकिडवी बसली आणि माती बोटानं चुरून बघायला लागली.

"बाई, खुरपं कुठं मिळंल?"

"खुरपां? तुला कनाला गो?" म्हातारीनं आईचे हात बघितले. "तू काय शेतवाली दिसत न्हाय."

मला वाटलं, आता आईला वाईट वाटणार. ती मात्र हसली आणि म्हणाली, "आता न्हाई दिसत. पर हाय."

मग त्या दोघींचं जे जमलं ते मी नुसतं बघत राहिले. म्हातारी भाईंदरजवळच्याच मोरवा गावची होती. घरामागं थोडी जागा, विहीर, तिथं ती माठ, मुळा, अळू लावायची. गुडघे दुखतात, गवत माजलंय, सून कामाला जाते, असं सगळं तिनं सांगितलं. आई म्हणाली, "मी येते की खुरपायला." मी मधे पडले, "आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" ती म्हणाली, "ते तवाचं. आता डोळे बरे झाले." खरं तर डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात तिला मोकळं केलं होतं.

म्हातारीचा माल संपल्यावर आम्ही तिच्याबरोबर रिक्षानं मोरव्याला गेलो. मागच्या वाडीत वाफे होते, कडेला केळी, आणि पलीकडे कुणाच्या तरी नव्या टॉवरचं काम चाललेलं. म्हातारीनं एक जुनी कोयती दिली. "आमचेकरं ही हाय. तुमचं खुरपां न्हाय." आईनं पदर खोचला आणि वाफ्यात बसली. सुरुवातीला हत्यार तिच्या हातात बसेना, मग बसलं. ती गवत उपटत, माती भुसभुशीत करत पुढे सरकायला लागली, आणि मी केळीच्या सावलीत मोबाइल घेऊन बसले. मध्येच लक्ष गेलं तर ती काहीतरी गुणगुणत होती. माझ्या घरात पाच महिने होती, पण मी तिला एकदाही गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

दुपारपर्यंत चार वाफे स्वच्छ झाले. म्हातारीनं पेज आणि सुकी मासळी वाढली. आईच्या तळव्याला फोड आला होता. ती तो मला दाखवायला आली, लहान पोरगी पडलेला दात दाखवायला येते तशी. निघताना तिनं कनवटीचे पैसे काढले आणि म्हातारीकडून लाल माठाचं बी विकत मागितलं. म्हातारी पैसे घेईना. आईनं बळंच तिच्या मुठीत नोट कोंबली. "हे पैसे रानाचेच हायेत, घ्या." मग ते बी रुमालात बांधून पदराच्या गाठीत ठेवलं.

रिक्षात मी म्हटलं, "एवढं बी कुठे लावणार? गॅलरीत?"

"गॅलरीत काहून? रान हाय की."

एवढंच बोलली. मला कळलं. मला भयंकर राग आला. सगळं नीट जुळून आलं होतं, डोळे बरे झाले होते, बाग होती, बा होती, विहार होतं, आणि ही बाई चिमूटभर बियांसाठी परत उन्हात जाणार होती. पण राग बाजूला सारला तर त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. मला रडू येत होतं. मला आई हवी होती, संध्याकाळी हात चोळून घ्यायला, लाड करून घ्यायला. ते मी तिला रात्री जेवताना सांगितलंही. ती म्हणाली, "मी कुठं मरायला चालले का? येते की दिवाळीला. तू बोलाव, मी येते." आणि मग ताट उचलता उचलता, "पर बटईनं नको देऊ रान. आजून हात हायेत मला."

बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन ती गेली. बा तिला खाकऱ्याचे दोन डबे घेऊन सोडायला खाली आली होती. चुलतभावाला मी फोनवर सांगितलं, पेरणी काकू करणार आहे, तू फक्त नांगरून दे. तो हसला. म्हणाला, मला वाटलंच होतं, म्हणून मी तुमच्या रानासाठी बियाणं आणलंच नव्हतं.

पावसाळा मध्यावर असताना एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्यांची नव्यानं नोंदणी चालू होती आणि पुन्हा अंगठे द्यायचे होते. मागे गलका ऐकू येत होता.

"उठंना गं!" ती ओरडली.

"काय उठेना?"

"ठसा! लिंबू झालं, तेल झालं, धाबी बोटं लावली, एकबी उठंना! रांग बसलीया समदी!"

तिच्यामागे चुलतभाऊ वैतागून काहीतरी म्हणत होता, रेशनचा दुकानदार हसत होता, कुणीतरी टाळी वाजवली. मी विचारलं, मग आता? चेहऱ्यावरून करतात म्हणं, ती म्हणाली, ते उद्या करू, आज लई गर्दी हाय. माठ लालबुंद आला हाय. दोनदा खुडून झाला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "त्या मॅडमला सांग बरं का. साफ हात म्हणली होती न्हवं का मला, तिला सांग."

संध्याकाळी घरी जाताना मी मुद्दाम मागच्या रस्त्यानं गेले. मॅडम कुणाचे तरी फोटो कापत होती. मी तिला सांगितलं की आंटीजींचा अंगठा गावात उठत नाहीये, एकही बोट उठत नाहीये.

तिचा चेहरा पडला. "अरे, ये तो प्रॉब्लेम हो गया ना?"

"नहीं," मी म्हटलं, "सब ठीक है. उन्होंने ही बताने को बोला था."